लेटन हाऊस आणि भरून काढलेल्या जागा

सिनॉप्सिस लिहायला घेतलंत की गाईडकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "हे सगळं वर्णन झालं, यात क्रिटिकल काय आहे?" मला पीएचडीच्या पहिल्या वर्षात ते तीनदा ऐकावं लागलं. तिसऱ्या वेळी तर मी पंचवीस शोधनिबंधांचे सारांश एकाखाली एक लावून नेले होते. सरांनी पहिलं पान वाचलं, फाईल मिटली आणि चहा मागवला. तेव्हा माझी समजूत अशी होती की क्रिटिकल लिहायचं म्हणजे कुणाच्या तरी कामातल्या चुका शोधायच्या. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचीही तशीच असेल. म्हणून आज एखादा शोधनिबंध न घेता एका घराची समीक्षा करणार आहे. घरात पुरावा डोळ्यांसमोर असतो, आणि कुठे पुरावा संपून अंदाज सुरू झाला हेही, बघायचं ठरवलं तर, दिसू शकतं.

हे घर लंडनमध्ये केन्सिंग्टन भागात हॉलंड पार्क रोडवर आहे, लेटन हाऊस. फ्रेडरिक लेटन (१८३०-१८९६) हा व्हिक्टोरियन काळातला बडा चित्रकार, १८७८ पासून रॉयल अकॅडमीचा अध्यक्ष. मरणाच्या आदल्या दिवशी त्याला बॅरन केलं गेलं, म्हणजे ती पदवी त्याला जेमतेम एक दिवस लाभली. त्याने हे घर जॉर्ज एचिसन या वास्तुविशारदाकडून १८६४ ते १८६६ मध्ये बांधून घेतलं आणि पुढची तीस वर्षं तो त्यात भर घालत राहिला. एका परिषदेसाठी इंग्लंडला गेले होते, परतीच्या आधी एक दुपार मोकळी होती. माझं काम ग्लेझवर आहे, म्हणजे मातीच्या भांड्यांवर आणि टाइल्सवर जो काचेसारखा थर असतो त्यावर. त्यातही तांब्यामुळे येणाऱ्या रंगावर. तेव्हा या घरातल्या टाइल्स बघायला मी जाणारच होते. बाकी घराबद्दल मला विशेष उत्सुकता नव्हती.

बाहेरून घर साधंच आहे. लाल विटांचं, फारसा डौल नसलेलं. आत शिरलं की दोन मिनिटांत श्वास अडकतो. जिन्यापाशी पेंढा भरलेला मोर आणि भिंतीवर विल्यम डी मॉर्गनच्या गडद फिरोजी टाइल्स. तिथून पुढे गेलं की अरब हॉल. वर सोनेरी घुमट, खाली काळ्या संगमरवराच्या एकाच तुकड्यातून कोरलेलं कारंजं, आणि चारी बाजूंनी दमास्कसहून आणलेल्या टाइल्स, बहुतेक सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आणि सतराव्याच्या सुरुवातीच्या. निळा, फिरोजी, शेवाळी हिरवा आणि मँगनीजचा जांभळा. तुर्कस्तानातल्या इझनिकच्या टाइल्सवर जो उठावदार टोमॅटोसारखा लाल रंग असतो तो इथे जवळपास दिसत नाही. दमास्कसच्या कामाची ती ओळखच आहे. मी कारंज्याच्या काठाशी बराच वेळ उभी होते. हा हॉल बघून जो भारावत नाही त्याने ग्लेझवर पीएचडी करू नये, एवढं मी बोलून जाते.

आता समीक्षा. २०१९ ते २०२२ या काळात या घरावर सुमारे ८० लाख पौंडांचं काम झालं, आणि १५ ऑक्टोबर २०२२ ला ते पुन्हा उघडलं. नवा प्रवेश, गोल वळत जाणारा नवा जिना, त्या जिन्याभोवतीच्या भिंतीवर शहरजाद गफ्फारी या इराणी चित्रकर्तीने रंगवलेलं ११ मीटर उंचीचं फिरोजी चित्र, अम्मानमध्ये राहणाऱ्या सीरियन कारागिरांनी बनवलेलं फर्निचर, डी मॉर्गनच्या नावाचं कॅफे. एका ऐतिहासिक चित्रकाराच्या घरात आजच्या डिझाइनचा शोरूम मांडलाय, अशी कुणीही पहिली टीका करेल. मीही जाताना हीच टीका मनात तयार ठेवली होती. आपल्याकडे जुन्या वाड्याचं कॅफे झालं की आपण नाक मुरडतो, तसंच.

पण ही टीका टिकत नाही, आणि का टिकत नाही हे जरा सावकाश बघा. तिच्यामागे एक गृहीतक आहे की आधी इथे एक शुद्ध, जुनं, खरं घर होतं आणि नंतर त्यात आजचं डिझाइन घुसलं. गृहीतक तपासायला बांधकामाच्या तारखा पुरतात. अरब हॉल १८७७ ते १८८१ मध्ये बांधला गेला. त्याचा नमुना सिसिलीतल्या पालेर्मोच्या ला झिसा या बाराव्या शतकातल्या महालाचा. टाइल्स सीरियाच्या. वरची सोनेरी मोझॅकची पट्टी वॉल्टर क्रेनने आखलेली. खांबांच्या शिरावरच्या पक्ष्यांमागे रँडॉल्फ कॅल्डेकॉटची चित्रकारी आणि एडगर बोहमचं शिल्पकाम. क्रेन, कॅल्डेकॉट, डी मॉर्गन ही त्या वेळी तिशी-चाळिशीतली माणसं, तेव्हाची आधुनिक मंडळी. म्हणजे लेटनचं घर १८८१ मध्येसुद्धा आधुनिक डिझाइनचा शोरूमच होतं! लोकांनी यावं, बघावं आणि चित्रं विकत घ्यावीत, हा त्या घराचा हेतू होता. झोपण्याची खोली, नोकरांच्या खोल्या सोडल्या तर, सबंध घरात एकच. तीही साधी. स्टुडिओ मात्र पहिला मजला व्यापून बसलेला, मोठे कॅनव्हास आतबाहेर करायला भिंतीत उभी फट ठेवलेली, आणि मॉडेल्सना येण्याजाण्यासाठी मागून वेगळा जिना, म्हणजे प्रतिष्ठित पाहुण्यांची आणि त्यांची गाठ पडायला नको. घर कुणाला काय दाखवायचं आणि काय लपवायचं या हिशेबाने बांधलेलं आहे.

तेव्हा नव्या जिन्याला आणि भिंतीवरच्या चित्राला माझा आक्षेप नाही. उलट मला तो भाग या सगळ्या कामातला सर्वांत प्रामाणिक वाटला. गफ्फारींचं चित्र जुन्या टाइल्सच्या रंगाशी बोलतं, पण त्यांची नक्कल करत नाही. वर चढत जाणारे ब्रशचे लांब फटकारे आहेत, अक्षरांच्या वळणाची आठवण करून देणारे. कुणालाही, अगदी शाळेतल्या पोरालाही कळेल की हे १८८१ चं नाही. शोधनिबंधात आधीच्यांचं काम कुठे संपलं आणि तुमचं कुठून सुरू झालं हे वाचणाऱ्याला कळायला हवं, आणि इथे ते कळतं. एकच कुरकुर आहे. जिना इतका देखणा झालाय की लोक तिथेच फोटो काढत थांबतात.

माझा खरा आक्षेप वेगळ्या जागी आहे, जुन्या वाटणाऱ्या खोल्यांमध्ये.

लेटन जानेवारी १८९६ मध्ये गेला. त्याच वर्षी त्याच्या बहिणींनी घरातलं सामान लिलावात काढलं, चित्रं, गालिचे, भांडी, फर्निचर, सगळं. राहिलं ते भिंतीत पक्कं बसवलेलं तेवढंच. विसाव्या शतकात दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात घराचं नुकसान झालं, नंतरच्या दुरुस्त्यांमध्ये बऱ्याच भिंती पांढऱ्या झाल्या. मग २००८ ते २०१० या काळात, १६ लाख पौंड खर्चून, आतल्या खोल्या लेटनच्या वेळी होत्या तशा करण्याचं काम झालं. आज तुम्ही दिवाणखान्यात किंवा जेवणाच्या खोलीत उभे राहता आणि वाटतं, वा, असा राहायचा तो.

आता प्रश्न विचारा, हे कशावरून ठरवलं? यात सर्वांत मोठा पुरावा म्हणजे बेडफर्ड लेमेअर या छायाचित्रण कंपनीने १८९५ मध्ये काढलेले घराच्या आतले फोटो. सुंदर आणि तपशीलवार. पण कृष्णधवल! आणि त्यात एक मेख आहे. त्या काळच्या काचेच्या प्लेट्स निळ्या प्रकाशाला भलत्याच संवेदनशील आणि लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या होत्या. त्यामुळे फोटोत निळी भिंत फिकट येते, लाल पडदा काळसर येतो. मोबाइलवर रंगीत फोटो कृष्णधवल केल्यावर जसा दिसतो तसा तो दिसत नाही. फोटोतली करड्या रंगाची छटा म्हणजे वस्तूची उजळता, असं धरून चाललात तर उत्तर चुकणार. उपकरणाचा प्रतिसाद माहीत नसेल तर त्याने दिलेला डेटा वाचता येत नाही, हे तुम्ही स्पेक्ट्रोमीटरच्या पहिल्या तासाला शिकला असाल. ते काचेच्या प्लेटलाही लागू आहे.

रंग शोधायची दुसरी पद्धत अधिक खात्रीची. दरवाजाच्या चौकटीच्या कोपऱ्यातून टाचणीच्या टोकाएवढा रंगाचा तुकडा काढायचा, रेझिनमध्ये बसवायचा, घासून सपाट करायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचा. झाडाच्या खोडाच्या कड्यांसारखे रंगाचे थर एकावर एक दिसतात आणि कुठला थर कुठल्या काळातला हे पुष्कळदा लावता येतं. पण हे फक्त रंगवलेल्या लाकडाला आणि गिलाव्याला लागू. पडद्याचं काय? गालिच्याचं काय? ती कापडं १८९६ मध्येच घराबाहेर गेली. तिथे उरतो तो फोटो, लिलावाच्या यादीतल्या एकदोन ओळी आणि त्या काळच्या पाहुण्यांनी मासिकांत लिहिलेली वर्णनं.

म्हणजे आज त्या खोल्यांमध्ये तीन प्रकारच्या वस्तू शेजारीशेजारी आहेत. जी खरोखर तिथली आहे ती. तिथली नव्हे पण त्या काळातली आणि फोटोतल्या वस्तूसारखी दिसणारी. आणि फोटोवरून आज नव्याने बनवलेली. तिन्ही कायदेशीर आहेत. मला यातल्या एकाही प्रकाराबद्दल तक्रार नाही, घरात अर्ध्या खोल्या रिकाम्या ठेवून मधे फलक उभे करा असंही मी म्हणत नाही. तक्रार इतकीच की खोलीत उभं राहून नजरेने मला हे तीन वेगळे करता आले नाहीत. विचारलं तर तिथली माणसं आनंदाने सांगतात, फार चांगली माहिती आहे त्यांना. पण विचारलं तर! न विचारणाऱ्याला ती खोली एकसंध सत्य म्हणून भेटते. नव्या जिन्याने जी सीमारेषा ठळक आखली आहे ती इथे हळूच पुसलेली आहे. आणि २०२३ मध्ये हे घर ब्रिटनमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम संग्रहालयाच्या अंतिम यादीत होतं, म्हणजे ही काही हलगर्जी संस्था नाही. उत्तम काम करणाऱ्यांकडूनही हे होतं, म्हणून तर सांगतेय.

गंमत म्हणजे ही सवय घरात पहिल्यापासूनची आहे. दमास्कसहून टाइल्स आल्या तेव्हा सगळ्या धड नव्हत्या. काही फुटलेल्या, काही संच अपुरे. त्या जुळवून भिंतीवर बसवण्याचं काम डी मॉर्गनकडे आलं आणि जिथे टाइल नव्हती तिथे त्याने स्वतः बनवून लावली. इतकी बेमालूम की लांबून कळत नाही. मी भिंतीपाशी उभं राहून अर्धा तास ओळखायचा प्रयत्न केला. दोन ठिकाणी वाटलं की ही त्याची असावी. सिद्ध काही करता येणार नाही.

प्रयोगशाळेत मात्र करता येईल. दमास्कसच्या टाइलचं अंग मुख्यतः गारगोटीच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या पुडीचं असतं, त्यात थोडी काच आणि थोडी पांढरी माती. सिलिका भरपूर, अ‍ॅल्युमिना कमी. युरोपातल्या नेहमीच्या मातीच्या टाइलमध्ये अ‍ॅल्युमिना बरंच जास्त. फुटक्या कडेवर एक्स-रे फ्लुरोसन्सचं हातातलं यंत्र धरलं तरी हा फरक दिसायला हवा. इथे एक सावधगिरी, कारण परीक्षेत हा मुद्दा तुम्हाला पाडेल. कुणी म्हणेल, क्रोमियम हे मूलद्रव्य १७९७ मध्ये सापडलं, तेव्हा ग्लेझमध्ये क्रोमियम दिसलं की टाइल एकोणिसाव्या शतकातली. साफ चूक. ऑटोमन काळातले कारागीर काळ्या बाह्यरेषांसाठी क्रोमाइट हे खनिज वापरायचे. मूलद्रव्याचं नाव ठेवलं जाण्याच्या कितीतरी आधी ते भट्टीत जात होतं. शोध लागल्याची तारीख आणि वापराची तारीख एक धरू नका.

यंत्राने टाइल लंडनची की दमास्कसची हे कळेल. दमास्कसमधल्या कुठल्या इमारतीची, हे कळणार नाही. लेटन स्वतः १८७३ मध्ये दमास्कसला गेला होता. पुढे रिचर्ड बर्टन, कॅस्पर पर्डन क्लार्क अशा ओळखीच्या लोकांकरवी त्याने टाइल्स मिळवल्या. कुणाच्या तरी घराच्या, मशिदीच्या किंवा कबरीच्या भिंतीवरून त्या उतरल्या असणार. हॉलच्या दाराशी कुराणातल्या मजकुराची एक लेखपट्टी आहे. ती एखाद्या प्रार्थनेच्या जागेसाठी घडवली गेली असेल आणि इथे ती चित्रकाराच्या मेजवान्यांवर नजर ठेवून आहे. नमुना आहे, नमुन्याची नोंद नाही. तुमच्या फ्रीजरमध्ये तारीख आणि ठिकाण न लिहिलेली बाटली सापडली तर तुम्ही ती फेकून द्याल. या बाटल्या फार सुंदर होत्या म्हणून भिंतीवर लागल्या.

आणि नावं बघा. लेटन, एचिसन, क्रेन, डी मॉर्गन, बर्टन, क्लार्क. आपल्याला हॉलमधल्या पक्ष्यांमागच्या चित्रकाराचंही नाव ठाऊक आहे. ज्या टाइल्समुळे हा हॉल आहे, त्या ज्यांनी भाजल्या त्यांच्यापैकी कुणाचं नाव माहीत नाही. हा आजच्या संग्रहालयाचा दोष म्हणता येत नाही, नोंदच झाली नाही. पण म्हणूनच अम्मानच्या कारागिरांचं फर्निचर बघून माझं मन दोन बाजूंना ओढलं गेलं. युद्धाने घर सुटलेल्या सीरियन माणसांच्या हातचं काम, सीरियाच्याच टाइल्ससाठी प्रसिद्ध असलेल्या घरात येणं, याला अर्थ आहे. नुसता देखावा म्हणून मी तो झटकून टाकणार नाही. हात मात्र पुन्हा त्यांचे आणि हॉल पुन्हा लेटनचा. मी तिथे असताना लोक त्या फर्निचरशी थबकले नाहीत, सरळ घुमटाखाली गेले. मीही तशीच गेले होते, परत येताना पाहिलं.

वरच्या मजल्यावरून अरब हॉलमध्ये डोकावायला कैरोहून आणलेली लाकडी जाळी आहे, तिचा उल्लेख राहिला. तिथून खाली बघा, हॉल पूर्ण वेगळा दिसतो. जोड दिसतात.

हे सगळं मी एवढ्या तावातावाने का लिहितेय, ते सांगायला हवं. इंग्लंडहून आल्यावर पंधरा दिवसांनी मी माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा मसुदा सरांना दिला. त्यात एक आलेख आहे, भट्टीचं तापमान वाढवत नेलं की तांब्याच्या ग्लेझचा रंग फिरोजीकडून हिरव्याकडे कसा सरकतो त्याचा. (तांबं तेच असतं. आजूबाजूला सोडियम-पोटॅशियम जास्त असेल तर फिरोजी, शिसं जास्त असेल तर हिरवं. तापमानाचा भाग त्यावर आणखी. असो.) अकरा ठिपके आणि त्यांतून जाणारी सुबक रेघ. सरांनी दोन ठिपक्यांवर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "हे नमुने कुठे आहेत?"

नव्हते. त्या आठवड्यात भट्टीचं थर्मोकपल बिघडलं होतं, ते दोन नमुने जळून गेले होते. मी शेजारच्या ठिपक्यांवरून किंमती काढून तिथे बसवल्या होत्या. फसवायच्या हेतूने नाही, खरंच नाही. रेघ तिथूनच जाणार होती, मधे भोक दिसायला नको एवढंच. वहीत मी पेन्सिलने लिहूनही ठेवलं होतं की हे काढलेले आहेत, मोजलेले नाहीत. विचारलं असतं तर आनंदाने सांगितलं असतं. पण आलेखात ते दोन ठिपके बाकीच्या नऊंसारखेच, तेवढेच काळे, तेवढेच गोल.

सर रागावले नाहीत. "डी मॉर्गन झालीस की," एवढंच म्हणाले. लंडनचं सगळं पुराण मीच त्यांना आल्याआल्या ऐकवलं होतं.

इंटरपोलेशन करू नका असं कुणीही म्हणणार नाही, सगळे करतात, करावंच लागतं. काढलेला ठिपका पोकळ ठेवा, रेघ तुटक ठेवा, आलेखाखालच्या ओळीत कारण लिहा. वहीतली पेन्सिल पुरत नाही, कारण वही तुमच्याकडे असते आणि आलेख जगाकडे जातो. आणि दुसऱ्याच्या शोधनिबंधाचं क्रिटिकल वाचन करायला बसलात की पहिल्यांदा चुका शोधत बसू नका. यातले भरीव ठिपके कुठले आणि पोकळ कुठले, कुठला पुरावा कुठल्या उपकरणातून आलाय, नमुन्याची नोंद आहे का, हे विचारा. लेखकाने ते स्वतःहून सांगितलं असेल तर तसं कौतुकाने लिहा, तीही समीक्षाच आहे. माझ्या पंचवीस सारांशांत हे एकदाही नव्हतं.

सुधारलेला आलेख परवा सरांकडे पाठवला. दोन ठिपके आता पोकळ आहेत आणि रेघ जरा केविलवाणी दिसते. त्यांचं उत्तर रात्रीच आलं. सातव्या ठिपक्याच्या दिवशीही थर्मोकपल तेच होतं का, असं विचारलंय. मी वही काढून बसलेय.